तबकडीच्या आडून : बडोद्यातील एका घराच्या ऐकण्याचा इतिहास

बडोद्याच्या संगीताचा इतिहास लिहिला जातो तेव्हा तो दरबारातून सुरू होतो आणि बहुधा दरबारातच संपतो. मौलाबक्ष, फैज महंमद खाँ, अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ ही नावे ओळीने येतात. सयाजीराव महाराजांच्या गुणग्राहकतेचे दाखले येतात. १८८६ मध्ये निघालेली गायनशाळा येते, १९१६ मध्ये पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने इथे भरलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येते. हे सगळे खरे आहे आणि आपण त्याचा अभिमान बाळगतो तो योग्यच आहे. पण गाणे जितके गाणाऱ्याचे तितकेच ऐकणाऱ्याचे असते. बडोद्यात कोणी काय ऐकले, कुठे बसून ऐकले, कोणाला ऐकायला मिळालेच नाही, हे लिहून ठेवण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या एखाद्या मराठी घराच्या माजघरात काय ऐकले जाई, याची नोंद हुजूर दप्तरात कशी सापडणार?

ती नोंद मला एका ट्रंकेत सापडली, आणि तिच्याविषयीच इथे सांगायचे आहे. आमचा दांडिया बाजारातला वाडा काही वर्षांपूर्वी विकायचे ठरले. भावंडांच्या वाटण्या झाल्या, भांडी-देव्हारा ज्याचा त्याने नेला आणि माळ्यावरून अगदी शेवटी एक पत्र्याची ट्रंक खाली आली. आत जुन्या गुजराती वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या ४१ तबकड्या होत्या, त्यांतल्या ५ फुटलेल्या. भंगारवाल्याने ट्रंकेचा भाव सांगितला, तबकड्यांचा सांगितला नाही. त्याच्या लेखी ती वस्तू ना पत्रा ना काच ना पस्ती. तुमच्यापैकी ज्यांनी इंदूरला, ग्वाल्हेरला, बेळगावला किंवा हैदराबादला असे जुने घर आवरले आहे, त्यांना हा भाव ठाऊक असेल.

तरुण वाचकांसाठी थोडे तबकडीविषयी सांगतो. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ही काळी थाळी लाखेची असे. लाख आपल्याच देशातली, बरीचशी छोटा नागपूर आणि बंगालकडची. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळत. पुडीमुळे पोलादी सुई घासली जाई आणि चराच्या मापाची होई, म्हणून दर बाजूला नवी सुई लावायची. सुयांची छोटी पत्र्याची डबी आमच्याकडे पुढे कित्येक वर्षे टाचण्या ठेवायला वापरात होती. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटे चाले, बारा इंची चार-साडेचार. यंत्राला वीज लागत नसे, चावी द्यावी लागे. आम्ही त्याला फोनो म्हणत असू. शेजारचे गुजराती लोक थाळीवाजूं म्हणत, आणि मला अजूनही तो शब्द जास्त आवडतो.

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाची पहिली मोहीम १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला झाली. ग्रामोफोन कंपनीचे गायसबर्ग हे तंत्रज्ञ त्यासाठी आले होते. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, आवाजाच्या धक्क्याने पलीकडची सुई मेणावर रेघ काढायची. सारंगी जरा जवळ, तबला जरा लांब, तंबोरा जवळजवळ ऐकूच न येणारा, असा तो मामला होता. मेणाच्या तबकड्या बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथे छापल्या जात आणि काही महिन्यांनी परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत हेच चालले. हॅनोव्हरच्या कामगारांना गौहरजान कोण नि दुसरे कोण हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून गाणे संपता संपता गाणाऱ्याने स्वतःचे नाव पुकारायचे, अशी पद्धत पडली. लहानपणी आम्हा मुलांना संबंध गाण्यापेक्षा ती आरोळीच जास्त पाठ असे. पंगतीत वाढणे आटोपले की आमचा एक चुलतभाऊ तशीच आरोळी ठोकून आपले नाव सांगे.

या सुरुवातीच्या काळातला एक बडोदेकर आवाज बडोदेच विसरून गेले होते. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ यांचा जन्म १८८२ चा, याकुतपुऱ्यातल्या आजोळच्या घरातला. त्यांनी १९०९ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी ३१ गाणी दिली. वय अवघे २७. पुढच्याच वर्षी भाऊ आणि नात्यातला एक भाऊ यांच्याबरोबर ते अमेरिकेला गेले, सूफी विचाराचे आचार्य म्हणून पश्चिमेत नावारूपाला आले, आणि गाणे हळूहळू मागे पडले. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांसाठी फ्रान्समध्ये गुप्त काम करताना पकडली गेलेली आणि डाखाऊच्या छळछावणीत मारली गेलेली नूर इनायत खान ही त्यांची मुलगी. तिचे नाव आज पुष्कळांना माहीत आहे. वडील उत्तम गवई होते हे मात्र सांगावे लागते. त्या १९०९ च्या तबकड्या पाऊणशेहून अधिक वर्षे कोणाच्या खिजगणतीत नव्हत्या. १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्या एकत्र करून पुन्हा प्रसिद्ध झाल्या. मी त्या ऐकल्या तेव्हा पहिल्यांदा जाणवले ते हे, की तीन मिनिटांत काहीतरी पुरे करून दाखवण्याची त्यांना घाई नाही. आवाज तरुण आहे, आणि तालीम आजोबांच्या घरची आहे हे लपत नाही. आमच्या ट्रंकेत त्यांची एकही तबकडी नव्हती. गावच्या माणसाचा आवाज गावातल्या या घरापर्यंत काही पोचला नाही.

उलट काही आवाज असे, की जे तबकडीत मुळी शिरलेच नाहीत. भास्करबुवा बखले यांचे घ्या. १८६९ मध्ये कठोर गावी जन्म, लहानपण बडोद्यात, पुढे इथल्याच फैज महंमद खाँकडे तालीम. नंतर आग्र्याचे नत्थन खाँ आणि मग अल्लादिया खाँ. तीन घराण्यांचे गाणे एका गळ्यात आणणारा हा माणूस १९२२ मध्ये गेला आणि त्यांच्या आवाजाचा एक चर मागे नाही. अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत होते, पण त्यांचीही तबकडी निघाली नाही. त्या पिढीतल्या कित्येकांना तीन मिनिटांत राग आवरणे ही विटंबना वाटे. शिवाय विद्या बाजारात जाईल ही धास्ती होती. मला ते पटते, आणि तरी राग येतो. भास्करबुवांच्या चाली ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांतून, बालगंधर्वांच्या गळ्यातून तबकड्यांवर गेल्या. शिष्याच्या आवाजातून गुरू ओळखायचा, एवढेच आपल्या हाती राहिले. आमच्या ट्रंकेतली सर्वांत झिजलेली तबकडी बालगंधर्वांचीच आहे. चर इतके पांढरे पडले आहेत की गाणे पावसातून आल्यासारखे येते.

आता ट्रंकेच्या मालकिणीविषयी. फोनो माझ्या आजोबांनी १९३६ साली घेतला, पण तबकड्या खऱ्या अर्थाने होत्या मोठ्या आत्याच्या. ती सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि पुढची पन्नास वर्षे त्या वाड्यातून फारशी बाहेर पडली नाही. घर छळणारे नव्हते. तिला वाचायला मिळे, पंचमीला झोपाळाही मिळे. पण विधवा बाईने मोठ्याने गाणे म्हणजे काय, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारायचा नसतो आणि म्हणून त्याचे उत्तरही कोणी द्यायचे नसते. नाटकाला जाण्याची गोष्टच नव्हती. लक्ष्मीविलास राजवाड्यातल्या बैठका पुरुषांच्या. आजोबा क्वचित जात आणि परत आल्यावर कोण काय गायले ते सांगत. आत्या दाराच्या आतून ऐके.

याच शहरात तेव्हा आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ राहत होते. १९१० नंतरच्या दशकात ते दरबारात रुजू झाले आणि ५ नोव्हेंबर १९५० रोजी इथेच वारले. सबंध हिंदुस्थान ज्यांना ऐकायला बोलावत होता ते खाँसाहेब आमच्या वाड्यापासून टांग्याच्या अंतरावर. तरी आत्याने त्यांना एकदाही समोर बसून ऐकले नाही. तिने त्यांना ऐकले ते तबकडीतून. ती तबकडी कलकत्त्याच्या हिंदुस्थान कंपनीने काढलेली, तिथेच मुद्रित झालेली, तिथून आगगाडीने आमच्या गावात आलेली. बडोद्याचा आवाज बडोद्याच्या माजघरात यायला हजारांहून अधिक मैल फिरून यावा लागला. ग्रामोफोनने अभिजात संगीत घरोघर नेले असे आपण सहज लिहून जातो. घर म्हणजे काय, त्यात कोणाचा दरवाजा कुठपर्यंत उघडत असे, हे पाहिल्याशिवाय त्या वाक्याला वजन येत नाही.

दुपारी पुरुष कचेरीत गेले, जेवणे आटोपली, की फोनो माजघरात येई. आत्या चावी देई, नवी पिन लावी आणि पहिल्या ओळीनंतर तबकडीबरोबर गाऊ लागे. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. ती तबकडीच्या वर कधी गेली नाही; मागेही राहिली नाही. ओसरीवर कोणी आले असते तरी त्याला फोनोच ऐकू आला असता. बाजू संपली, सुई मधल्या वर्तुळात खरखरू लागली, की ती गप्प. पुढची बाजू लावीपर्यंत एक शब्द नाही, साधे गुणगुणणेसुद्धा नाही. तिचे गाणे तीन मिनिटांच्या तुकड्यांचेच होते. तबकडीची लांबी हा यंत्राचा दोष म्हणून सांगितला जातो. आमच्या घरी तीच एका बाईच्या मोकळेपणाची लांबी होती.

तिची आवडती गायिका हिराबाई. हिराबाई बडोदेकर यांच्या नावामागची हकिकत आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते, पण तिच्यातला विरोधाभास पुन्हा सांगण्यासारखा आहे. अब्दुल करीम खाँ तरुणपणी बडोद्यास आले, माने या सरदार घराण्यातल्या ताराबाईंना शिकवू लागले आणि शतक संपायच्या आत दोघांनी मिळून बडोदे सोडले. हिराबाईंचा जन्म १९०५ चा, मिरजेचा. पुढे आई मुलांना घेऊन वेगळी झाली. जे शहर आईला सोडून जावे लागले, तेच शहर मुलीने आडनाव म्हणून लावले. तिकीट लावलेल्या जाहीर बैठकीत शालीनपणे बसून गाणे ही गोष्ट ज्या स्त्रियांनी आपल्या समाजात रुळवली त्यांत हिराबाई पुढे होत्या. आत्या म्हणे, ‘तिचा पदर बघा कसा आहे.’ तिने हिराबाईंना पाहिले होते ते फक्त छापील चित्रात. मला वाटते तिला त्या आवाजात परवानगी ऐकू येत होती.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या दोन तबकड्या ट्रंकेत आहेत, १९३० च्या दशकाच्या मध्यावर मुद्रित झालेल्या, म्हणजे मायक्रोफोन आल्यानंतरच्या. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, तेव्हा हे त्यांचे जवळजवळ अखेरचे गाणे. त्या तबकड्यांनी किती माणसे घडवली याला हिशेब नाही. लहानपणी दुकानात वाजणारी त्यांची ठुमरी कानावर पडली आणि असे गाता आले पाहिजे असे वाटले, हे भीमसेन जोशी स्वतः सांगत असत. धारवाड-गदगकडचा तो मुलगा घर सोडून गुरू शोधायला बाहेर पडू शकला. तीच कंपनी, तोच आवाज, कदाचित तेच गाणे. आमच्याकडे ते ऐकणारी व्यक्ती उठून चावी द्यायला गेली.

चावीवरून एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या फोनोची स्प्रिंग जुनी झाली होती. बाजूच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात तबकडी मंद होई आणि गाणे सुरासकट खाली घसरे. षड्ज आपली जागा सोडी. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण आम्हा मुलांना ती गाणी तशीच पाठ होती. आत्या मात्र घसरत्या सुराबरोबर घसरत नसे. ती तबकडीच्या मूळ षड्जावरच राही, आणि तेवढ्या दहा-पंधरा सेकंदांत, दोन आवाजांतले अंतर वाढत जाई तसा, तिचा स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येई. मग तिच्या ते लक्षात येई आणि ती उठून चावी देई.

ट्रंक सापडल्यावर मी त्या तबकड्यांपैकी वाजण्याजोग्या ३० संगणकावर उतरवून घेतल्या. हे काम करणारे जाणकार एक अडचण सांगतात, ती ऐकण्यासारखी आहे. जुन्या सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. कुठे ७५-७६, कुठे ८०. वेग थोडा चुकला की सूर चढतो किंवा उतरतो, आणि आवाजाची जात बदलते. खाँसाहेबांचा षड्ज नेमका कोणता, यावर म्हणूनच वाद घालता येतो. त्यांनी मला विचारले, मूळ वेग कोणता धरू? घरच्या फोनोचा वेग हाच माझ्यापुरता मूळ, असे सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांनी साथीच्या पेटीच्या स्वरावरून हिशेब केला, खरखर काढली, आणि काम उत्तम झाले. फैयाज खाँसाहेबांचा तो ढाला, खर्जात बसलेला आवाज मी आयुष्यात प्रथमच नितळ ऐकला. मात्र शेवटचे अर्धे मिनिट आले तरी सूर जागचा हलला नाही, आणि मी उगीचच वाट पाहत बसलो.

आवाजाहून मोलाचे जे निघाले ते तबकड्यांच्या कागदी पाकिटांवर. आत्याने जवळजवळ प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने स्वरलिपी लिहिली आहे. शब्द नाहीत, फक्त सा रे ग म, खाली-वर टिंबे, आणि मात्रांचे दंड. गाणे शिकायला ती कोणाकडे गेली नव्हती. पण मौलाबक्षांपासून बडोद्यात स्वरलिपीचे जे वळण पडले, ते शाळांतून घरोघर झिरपले होते; लग्नापूर्वी शाळेत शिकलेले तेवढे तिच्याजवळ होते. सुई पुन्हा पुन्हा मागे नेऊन, एकेक तान कानाने धरून तिने ते टिपले असणार, कारण काही तबकड्यांचा एकच पट्टा बोटभर रुंदीचा झिजलेला आहे आणि पाकिटावर त्याच जागेची स्वरलिपी खोडून तीन-तीनदा लिहिली आहे. मधे मधे समासात ‘चावी’ असा शब्द आहे. फैयाज खाँसाहेबांच्या एका पाकिटामागे तारीख आहे, ५-११-५०, आणि खाली, ‘आज लावली नाही.’

एका जाणत्या स्नेह्याने मला सुचवले की पाकिटे जीर्ण आहेत, तबकड्या नव्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालाव्यात आणि पाकिटे काढून टाकावीत. संग्राहक असेच करतात. त्यांना तबकडीच्या मध्याजवळ कोरलेला मुद्रणक्रमांक हवा असतो, कारण त्यावरून साल ठरते आणि कंपनी ठरते. तो मीही उतरवून घेतला आहे. पण इनायत खाँ गेले, भास्करबुवा गेले, हे कोणीतरी कुठेतरी लिहिलेले आहे. दांडिया बाजारात १९४० च्या आसपास एक बाई तान कशी ऐकत होती, हे त्या पाकिटांखेरीज कुठेही लिहिलेले नाही. गोव्यातल्या, बेळगावातल्या, ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून अशी पाकिटे असतील. त्यांवर दुकानाचे शिक्के असतील, लग्नात आहेर आल्याची तारीख असेल, एखाद्या मुलाने काढलेला हत्ती असेल. ट्रंक उघडलीत तर आधी कागद बघा.

आमच्या पाकिटांपैकी एकाचा मेळ अजून बसलेला नाही. त्यावर आठ ओळींची स्वरलिपी आहे, अक्षर उतारवयातले, किंचित कापरे. ३६ धड तबकड्या मी दोन्ही बाजूंनी ताडून पाहिल्या, फुटलेल्यांचे तुकडे जुळवून त्यांवरची नावे पाहिली. ही चाल त्यांतल्या कशाचीच नाही. समासात ‘चावी’ हा शब्दही कुठे नाही. इथल्या एका संगीतशिक्षिकेने ती पेटीवर वाजवून दाखवली. देस आहे, मध्यलय, आणि वाजवायला त्यांना पावणेसहा मिनिटे लागली.